काउइचन स्वेटर: कोस्ट सॅलिश स्त्रियांची कला आणि तिचे मोल

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत व्हँकुव्हर नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या दक्षिण भागात, व्हिक्टोरिया शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर, डंकन हे छोटे शहर आणि त्याच्याभोवती काउइचन नदीचे खोरे आहे. या खोऱ्यात आणि आसपासच्या बेटांवर व किनाऱ्यांवर कोस्ट सॅलिश या नावाने ओळखले जाणारे आदिवासी समाज हजारो वर्षांपासून राहत आले आहेत. त्यांच्यातील स्त्रिया गेली शंभराहून अधिक वर्षे जाड, न रंगवलेल्या लोकरीचे जे स्वेटर हाताने विणतात, त्यांना जगभर ‘काउइचन स्वेटर’ म्हणतात. २०११ मध्ये कॅनडा सरकारने या विणकर स्त्रियांची आणि त्यांच्या स्वेटरची देशाच्या इतिहासातील राष्ट्रीय महत्त्वाची घटना म्हणून अधिकृत नोंद केली. मात्र ज्या हातांनी ही कला घडवली, त्यांना तिच्यातून बहुतेक काळ जेमतेम घर चालण्यापुरतेच पैसे मिळाले. एखादी कला देशाचा अभिमान ठरावी आणि ती करणाऱ्या बाईची ओढाताण मात्र संपू नये, असे का होते, हे समजून घेण्यासाठी या स्वेटरचा इतिहास नीट पाहावा लागतो.

सुरुवातीलाच एक शंका उपस्थित होते. सुयांवर विणण्याची पद्धत या किनाऱ्यावर युरोपीय लोकांबरोबर आली, मग या स्वेटरला आदिवासींची पारंपरिक कला कसे म्हणायचे? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर लोकरीत दडलेले आहे. सुया येण्याच्या कितीतरी आधीपासून कोस्ट सॅलिश स्त्रिया लोकर गोळा करणे, स्वच्छ करणे, कातणे आणि मागावर विणणे या सगळ्या कामांत निष्णात होत्या. त्या काळी येथे मेंढ्या नव्हत्या. लोकर मिळत असे ती डोंगरी बकऱ्यांपासून, आणि खास लोकरीसाठी पाळलेल्या कुत्र्यांपासून.

या कुत्र्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण केवळ केसांसाठी कुत्र्यांचे वाण जोपासल्याचे उदाहरण जगात फारच विरळ आहे. लहान चणीचे, दाट पांढऱ्या केसांचे हे कुत्रे गावातील इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून छोट्या बेटांवर किंवा कुंपणात वेगळे ठेवले जात, आणि त्यांना मासे खायला घातले जात. मेंढीची लोकर कातरावी तसे त्यांचे केस कातडीलगत कातरले जात. १७९२ मध्ये या किनाऱ्यावर आलेला इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर याने अशा कातरलेल्या कुत्र्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे हे वाण नामशेष झाले. १८५९ मध्ये मेलेल्या ‘मटन’ नावाच्या एका कुत्र्याचे कातडे अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेले होते, आणि त्याच्या जनुकांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे वाण सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाणाऱ्या स्वतंत्र वंशाचे होते, असे त्यातून दिसून आले. इतका दीर्घ काळ हा वंश शुद्ध राखला गेला, याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी त्याची जाणीवपूर्वक निगराणी केली होती.

डोंगरी बकऱ्यांची झडलेली लोकर स्त्रिया झुडपांवरून वेचून आणत, तर शिकार केलेल्या बकऱ्यांची लोकर कातड्यावरून काढून घेतली जाई. ती पांढऱ्या मातीबरोबर बडवून तिच्यातील तेलकटपणा काढला जाई, तिच्यात कुत्र्यांचे केस आणि काही वनस्पतींचा कापसासारखा तंतू मिसळला जाई, आणि मग मोठ्या टकळीवर सूत कातले जाई. आपल्याकडील टकळी तळहातात मावते. या टकळीचा दांडा मात्र मीटरभर लांब असे आणि तिची लाकडी चकती माणसे, पक्षी व मासे यांच्या कोरीव आकृत्यांनी सजवलेली असे. दोन आडव्या दांड्यांच्या मागावर या सुतापासून घोंगड्या विणल्या जात. अशी घोंगडी पांघरण्यापुरती नव्हती. ती घराण्याची संपत्ती होती. लग्न, नामकरण, मृत्यू अशा प्रसंगी भरणाऱ्या पॉटलॅच नावाच्या समारंभात यजमान जमलेल्यांना घोंगड्या वाटत असे आणि त्या दानावरून घराण्याची प्रतिष्ठा ठरत असे. साहजिकच घोंगडी विणणाऱ्या स्त्रीला समाजात मोठा मान होता.

एकोणिसाव्या शतकात ही घडी मोडली. हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीने १८४३ मध्ये व्हिक्टोरिया येथे ठाणे उभारले आणि तिच्या गिरणीत बनलेल्या घोंगड्या व्यवहारात सर्वत्र आल्या. १८६२ मध्ये व्हिक्टोरियातून पसरलेल्या देवीच्या साथीने या किनाऱ्यावरील आदिवासींची प्रचंड हानी केली. १८७६ च्या इंडियन अॅक्टने, म्हणजे आदिवासींसाठी केलेल्या कॅनडाच्या कायद्याने, त्यांचे जगणे सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती दिले, आणि १८८५ पासून पॉटलॅचवरच बंदी आली, जी १९५१ पर्यंत टिकली. ज्या समारंभात घोंगडीला अर्थ होता तोच गुन्हा ठरला, तेव्हा माग मागे पडला यात नवल नाही. स्वस्त घोंगड्या आल्या म्हणून स्त्रियांनी लोकरीचे कुत्रे पाळणे सोडून दिले, असे पूर्वी सहजपणे सांगितले जाई. २०२३ च्या अभ्यासासाठी ज्या कोस्ट सॅलिश वडीलधाऱ्यांशी संशोधकांनी चर्चा केली, त्यांनी मात्र रोगराई, बंदी आणि वसाहतवादी धोरणे हीच खरी कारणे असल्याचे सांगितले, आणि मला त्यांचेच म्हणणे पटते. हजारो वर्षे सांभाळलेले वाण कोणी केवळ बाजारभाव पाहून सोडून देत नाही.

याच काळात बेटावर मेंढ्या आल्या आणि सुयाही आल्या. सेंट अॅन पंथाच्या ख्रिस्ती भगिनींनी १८६४ मध्ये काउइचन येथे शाळा उघडली, आणि सुयांवर मोजे, हातमोजे विणण्याचे शिक्षण तिथून मिळाले असे मानले जाते. रंगीत नक्षी विणण्याचे तंत्र शिकवण्याचे श्रेय अनेकदा जेरेमिना कॉल्व्हिन या स्कॉटलंडकडील शेटलंड बेटांतून आलेल्या स्त्रीला दिले जाते. १८८५ पासून ती काउइचन परिसरात राहत होती आणि तिचे या स्त्रियांशी जाणे-येणे होते. पण दोन सुया आणि टाके एवढेच बाहेरून आले. मेंढीची लोकर हाती पडताच ती कशी पिंजायची, तिला किती पीळ द्यायचा, हे या स्त्रियांना कोणी शिकवावे लागले नाही. बकऱ्याच्या लोकरीसाठी असलेली टकळी तशीच मेंढीच्या लोकरीला लागली, आणि म्हणून शेटलंडच्या बारीक, नाजूक स्वेटरपेक्षा अगदी वेगळे, जाड आणि भारदस्त वस्त्र या किनाऱ्यावर जन्माला आले.

हे स्वेटर कसे तयार होतात, हे समजल्याशिवाय त्यांची किंमत समजणार नाही. मेंढीची कातरलेली लोकर आधी धुतली आणि वाळवली जाते, पण आतील नैसर्गिक मेण, म्हणजे लॅनोलिन, पूर्ण निघून जाईल इतकी नाही. याच मेणामुळे पावसाचे पाणी आत न मुरता ओघळून जाते. आपल्या धनगरी घोंगडीवर पावसाळी माळरानावरचा मेंढपाळ भरवसा ठेवतो तो तरी याहून वेगळा नसतो. वाळलेली लोकर बोटांनी सुटी करून तिच्यातील काडीकचरा काढला जातो, मग ती विंचरून पेळू केले जातात. ही कामे बहुधा सगळे कुटुंब मिळून करी; मुले लोकर सुटी करत, पुरुष धुण्याचे आणि वाहण्याचे जड काम करत. पेळूपासून एकपदरी, जाड, सैल पिळाचे सूत कातले जाते. टकळीवर हे काम फार हळू होते, म्हणून पुढे पायाने चालणाऱ्या शिवणयंत्राच्या सांगाड्यावर चाती बसवून या समाजाने स्वतःचे सूत कातण्याचे यंत्र बनवले. ही युक्ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण परंपरा आणि यंत्र यांचे वैर असलेच पाहिजे, हा समज तिने खोटा ठरवला.

विणताना स्वेटरच्या अंगाचा भाग एकसंध विणला जातो. बाजूंना शिवण येत नाही. खांदे जोडल्यावर बाहीच्या घेरावरील टाके उचलून बाही थेट अंगालाच विणत खाली नेली जाते, त्यामुळे उसवण्याजोगा जोड जवळजवळ राहतच नाही. मान झाकणारी रुंद कॉलर या स्वेटरची ठळक खूण आहे. रंग मेंढीचेच असतात: पांढरा, राखाडी, तपकिरी, काळा. नक्षीत दोन रंगांचे धागे लागतात, आणि जो धागा पुढे दिसायचा नसतो तो मागच्या बाजूने न्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो मागे मोकळा सोडतात. कोस्ट सॅलिश स्त्रिया मात्र तो टाक्याटाक्याला मागे गुंतवत नेतात. त्यामुळे स्वेटरची आतील बाजूही घट्ट, नीटस दिसते, बोटे अडकत नाहीत, आणि कापड वारा अडवण्याइतके दाट होते. छाती-पाठीवर गरुड, देवमासा, हरिण किंवा मेघगर्जना करणारा पौराणिक थंडरबर्ड अशी मोठी आकृती, आणि तिच्या वर-खाली भौमितिक पट्टे, अशी रचना वारंवार दिसते. या पट्ट्यांतील कितीतरी आकार जुन्या टोपल्यांवरून आले आहेत, तर काही नवीन पाहून उचललेले आहेत. नमुना कागदावर काढलेला नसतो. टाक्यांचा हिशेब विणणारी स्त्री डोक्यात ठेवते, आणि मुलगी तो आईच्या किंवा आजीच्या शेजारी बसून पाहत पाहत शिकते.

ही कला वाढली ती हौसेमुळे नव्हे, तर गरजेमुळे. मासेमारी हा या समाजाचा आधार होता, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सरकारने आदिवासींना स्वतःच्या खाण्यापुरते मासे धरण्याची मुभा ठेवून विक्रीवर निर्बंध घातले. जमिनीचा मोठा भाग वसाहतकारांकडे गेला होता. जवळच्या कूपर बेटावरील निवासी शाळेत, जी १८९० च्या सुमारास सुरू होऊन १९७५ पर्यंत चालली, मुलांना आईवडिलांपासून तोडून नेले जात होते. मुले शाळेत अडकली की घरी बसून शिकण्याची साखळीही तुटे, याचा विचार कलेच्या इतिहासात पुरेसा होत नाही. अशा परिस्थितीत विणकाम हे घर, मुले आणि हंगामी मजुरी सांभाळून, कोणाची परवानगी न मागता करता येण्यासारखे काम होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मच्छीमार आणि लाकूडतोड करणारे कामगार हे स्वेटर वापरत. पुढे पर्यटक आले, आणि राजघराण्यांतील पाहुण्यांना व परदेशी नेत्यांना भेट म्हणून ते दिले जाऊ लागले.

मागणी इतकी वाढली, तर भाव का वाढला नाही? याचे कारण बाजाराच्या रचनेत आहे. विकत घेणारे व्यापारी मोजके होते आणि विणणाऱ्या स्त्रिया शेकडो होत्या. आज संध्याकाळच्या जेवणासाठी पैसे हवेत अशा स्थितीत जी बाई स्वेटर घेऊन दुकानात येते, ती भावासाठी थांबू शकत नाही, आणि समोरच्याला हे माहीत असते. पुष्कळदा पैशांऐवजी किराणा किंवा कपडे दिले जात. अनेक ठिकाणी लोकरही त्याच व्यापाऱ्याकडून घ्यावी लागे, म्हणजे कच्चा माल आणि तयार माल या दोन्हींचा भाव एकाच्याच हाती. शिवाय मोबदला नगावर मिळे, तासांवर नाही. लोकर धुण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत लागलेले दिवस कोणी मोजतच नव्हते. घरकामासारखेच तेही श्रम गृहीत धरले गेले. शहरातील दुकानात तोच स्वेटर कितीतरी जास्त किमतीला विकला जाई, आणि मधली रक्कम विणणारीकडे परत येण्याची कोणतीही वाट नव्हती.

दुसरी अडचण नकलांची. १९५० च्या दशकात मेरी मॅक्सिम या कॅनडातील कंपनीने याच शैलीच्या स्वेटरचे छापील नमुने आणि जाड लोकर विकायला सुरुवात केली, आणि उत्तर अमेरिकेतील घरोघरी ती शैली छंद म्हणून पोहोचली. पुढे यंत्रावर विणलेले स्वस्त स्वेटर आले. दुरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही, आणि हाताने कातलेल्या लोकरीला यंत्राच्या भावाशी स्पर्धा करावी लागते.

मग कायदा काय करतो? येथे विषय थोडा किचकट आहे. स्वामित्वहक्काचा कायदा ठरावीक व्यक्तीने निर्माण केलेल्या नव्या कलाकृतीला ठरावीक मुदतीचे संरक्षण देतो. कॅनडात ही मुदत आता निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे आहे. पण जी नक्षी आजीकडून नातीकडे आली, जिचा एकच निर्माता नाही आणि जी या मुदतीहून जुनी आहे, ती या चौकटीत बसत नाही. भारतात पैठणीला किंवा वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तसा मार्ग कॅनडात खुला नाही, कारण तेथील ती तरतूद मद्ये, शेतमाल आणि खाद्यपदार्थ यांच्यापुरती मर्यादित आहे. म्हणून कोस्ट सॅलिश समाजांपैकीच एक असलेल्या काउइचन समाजाच्या परिषदेने १९९० च्या दशकात प्रमाणन चिन्हाचा मार्ग धरला. साधे व्यापारचिन्ह वस्तू कोणत्या कंपनीची आहे ते सांगते. प्रमाणन चिन्ह ती ठरलेल्या निकषांवर उतरते अशी हमी देते. येथे निकष असा की वस्त्र कोस्ट सॅलिश समाजातील व्यक्तीने, समाजाच्या पारंपरिक पद्धतीने, न रंगवलेल्या हातकताईच्या लोकरीपासून एकसंध विणलेले असावे. मात्र संरक्षण मिळते ते ‘काउइचन’ या नावाला. देवमाशाची नक्षी, रुंद कॉलर आणि जाड वीण यांची नक्कल करून कोणी दुसऱ्या नावाने विकले, तर हे चिन्ह त्याला रोखू शकत नाही. परदेशात तर तेथील कायद्यानुसार वेगळी नोंदणी आणि वेगळा खर्च करावा लागतो. आपल्याकडे वारली आकृत्या साड्यांवर आणि कपांवर सर्रास छापल्या जातात, त्यामागेही हीच उणीव आहे.

ही मर्यादा ऑक्टोबर २००९ मध्ये सगळ्यांना दिसली. मुख्य भूमीवरील व्हँकुव्हर शहरात झालेल्या २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी हडसन्स बे कंपनीने जे अधिकृत कपडे जाहीर केले, त्यांत काउइचन स्वेटरशी उघड साम्य असलेला ३५० डॉलरचा स्वेटर होता, आणि तो काउइचन स्त्रियांनी विणलेला नव्हता. एवढा माल वेळेत पुरवणे विणकर स्त्रियांना शक्य होणार नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. काउइचन समाजाने तीव्र आक्षेप घेतला आणि ऑलिंपिक ज्योत बेटावर येण्याच्या सुमारास निदर्शनांची तयारी झाली. शेवटी तडजोड झाली आणि व्हँकुव्हरमधील कंपनीच्या मुख्य दुकानात अस्सल स्वेटर विक्रीला ठेवण्याचे ठरले. ज्या कंपनीच्या घोंगड्यांनी दीड शतकापूर्वी येथील मागाची जागा घेतली होती, तीच ही कंपनी. २०२५ मध्ये तिची सगळी दुकाने बंद झाली.

२०१५ मध्ये राल्फ लॉरेन या अमेरिकी कंपनीने ‘काउइचन’ नावानेच स्वेटर विकायला ठेवले, तेव्हा समाजाने पुन्हा आवाज उठवला. हे नाव आता कोणी बिनबोभाट वापरू शकत नाही, एवढा बदल नक्कीच झाला आहे. पण मला त्याहून मोठा प्रश्न कमाईचा वाटतो. वर्षानुवर्षे जाड लोकर कातून व विणून हात, खांदे आणि डोळे दुखतात, आणि तरुण मुलीला दुसऱ्या नोकरीत कमी वेळात जास्त पैसे मिळतात. तिने विणावे अशी अपेक्षा करायची असेल, तर तिच्या तासांचे मोल द्यायला हवे. लोकरीचाही प्रश्न आहे. पुष्कळ जणी आज गिरणीत पिंजलेली लोकर वापरतात, कारण सगळी लोकर घरी धुऊन पिंजत बसले तर स्वेटर परवडत नाही. प्रमाणन चिन्हाचा काटेकोर निकष आणि रोजचे काम यांत त्यामुळे ताण येतो, आणि तो कसा सोडवायचा हे त्या समाजानेच ठरवायचे आहे.

दिलासा देणारी गोष्ट अशी की मागही परत आला आहे. १९६० च्या दशकात फ्रेझर नदीच्या खोऱ्यात सॅलिश स्त्रियांनी जुन्या घोंगड्यांचे नमुने अभ्यासून मागावरचे विणकाम पुन्हा सुरू केले, आणि १९८० च्या दशकात व्हँकुव्हर शहरालगतच्या मस्क्वियम समाजातील स्त्रियांनी त्याला नवे बळ दिले. या घोंगड्या आता विमानतळावर, विद्यापीठात आणि समाजाच्या स्वतःच्या समारंभांत दिसतात.

हे बेट ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांना असा स्वेटर घ्यायचा असेल, तर काही खुणा पाहता येतील. स्वेटर जड असतो आणि त्याला मेंढीचा किंचित वास येतो. सूत सगळीकडे सारखे जाड नसते. बाजूंना शिवण नसते, आणि आतून उलटून पाहिले तर मागचे धागे लोंबत नाहीत, गुंतवलेले असतात. ‘काउइचन शैलीचा’ असे लिहिले असेल, तर तो बहुधा या स्त्रियांनी विणलेला नसतो. दुकानदाराला विणणारीचे नाव विचारावे. जे दुकान तिला रास्त भाव देते ते नाव सहसा सांगते, आणि शक्य असेल तर डंकन परिसरात विणकर कुटुंबांकडूनच थेट घ्यावा.